दिसला तोच आकडा

प्रिय डॉक्टर,

पेशंटचं वरचं बीपी 146 दिसलं आणि रजिस्टरात 138 लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं, असं विचारलंस. महिन्याच्या 40 हजारांतले 15 हजार अशा कामाच्या आकड्यांवर ठरत असतील, तर हा प्रश्न पडणारच. त्याचा राग नाही. "कोणाचं" या शब्दाचा आहे. 138 लिहिलंस की पेशंट 140 च्या खाली, म्हणजे नियंत्रणात दिसतो, बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमवरच अडकते, डोस वाढवायला पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कोणी पाठवत नाही, आणि 30 दिवसांच्या त्याच गोळ्या पुन्हा हातात पडतात. दिसला तोच आकडा लिही.

पण आधी मोजणं सुधार. उन्हातून चालत आलेल्याला लगेच बीपीचा पट्टा बांधू नकोस. पाच मिनिटं पाठ टेकवून बसव, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. लघवीला जाऊन आला का, अर्ध्या तासात खर्रा (तंबाखू-सुपारी) खाल्ला का, विचार (आपल्याकडे "नाही जी" म्हणतानाही तो गालात असतो). जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं. मिनिटभराने पुन्हा मोज आणि सरासरी लिही. काही 146 इथेच खरोखर 140 च्या खाली येतील.

मे महिन्यात आकडे आपोआप सुधारतात. नागपूरच्या 45 अंशांत रक्तवाहिन्या सैलावतात, घामातून पाणी-मीठ जातं. ती तुझी कामगिरी नव्हे. उलट तेव्हा उभं करून मोज, चक्कर येते का विचार. डिसेंबरात तेच लोक वर जातील. तेव्हाही दिसला तोच आकडा.

दुसरी पळवाट छेदाची, म्हणजे किती पेशंटपैकी किती नियंत्रणात, यातल्या "किती पेशंटपैकी"ची. काटोलकडे कापूस वेचायला गेलेला पेशंट आला नाही, म्हणून यादीतून गाळायचा नाही. छेदात नोंदवलेले सगळे, आलेले तेवढेच नव्हेत.

ब्रिटनने 2004 पासून फॅमिली डॉक्टरांना अशाच निर्देशकांवर पैसे दिले. रक्तदाबाची रेषा 150/90 होती. नोंदी 150 च्या लगेच खाली दाटू लागल्या. स्कॉटलंडने 2016 मध्ये ती योजना बंदच केली. तरी इन्सेंटिव्ह नकोच, असं मी म्हणत नाही. 25 हजारांत घर चालवून दाखवा म्हणावं! आणि मी हट्टी आहे म्हणतोस, तर असू दे. रजिस्टरच्या बाबतीत समजूतदारपणा मला परवडत नाही.

गेल्या महिन्यात 138 केलेल्यांची यादी आशाताईंना दे, मंगळवारी त्या पेशंटना परत बोलाव. मोठा पट्टाही काढून ठेव.