रोड शूज आणि एमटीबीचे पेडल: बसतं, पण पेडल नाही, शूज बदला

तुम्ही विचारलंय की पेडल माउंटन बाइकचे (एमटीबीचे) एसपीडी, म्हणजे शूज अडकवायचे छोटे पेडल आहेत, शूज मात्र रोडचे, सोलला बोल्टची तीन भोकं असलेले, नवे कोरे भेट मिळालेले, पायाला अगदी बरोबर बसणारे, तर मधे अडॅप्टर टाकून भागेल का की रोडचे पेडल घेऊ. बसतं. अडॅप्टर म्हणजे तीन भोकांच्या सोलवर लावायची धातूची पट्टी, तिच्यावर दोन बोल्टची क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा छोटा तुकडा बसतो, पाय खटकन अडकतो आणि खटकन सुटतो. पण तुम्ही हे लांबच्या राइडसाठी म्हणताय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण हीच जोडी मी जवळजवळ दीड वर्ष वापरली आणि ती शेवटी कशी सुटली ते सांगितल्याशिवाय नुसतं 'बसतं' म्हणणं बरोबर होणार नाही.

माझंही सगळं तुमच्यासारखंच होतं. पेडल आधीपासून होते, शिमानोचे एम५२०, जोडीचं वजन ३८० ग्रॅमच्या आसपास, दोन्ही बाजूंनी पाय अडकणारे, चिखल धूळ पाऊस सगळं खाऊन चालणारे. मग ग्रुपमधल्या एकाने साइझ चुकली म्हणून त्याचे रोड शूज मला दिले, कार्बन सोल, पायात घातल्यावर इतके कडक आणि हलके वाटले की ते सोडवेनात. अडॅप्टर आणला, घरीच बसवला, अ‍ॅलन कीने हाताला बरं वाटेल इतपत आवळला. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट मोजून आवळायचा पाना नव्हता, थ्रेडलॉकरचं, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायच्या गोंदाचं तर डोक्यातही आलं नाही.

पहिले काही महिने मस्त गेले, छोट्या राइडला काहीच जाणवत नव्हतं. जाणवायचं ते चालताना. एमटीबी शूजमध्ये क्लीट सोलच्या आत खोल बसलेली असते आणि तुम्ही चालता ते रबरावर. इथे गुळगुळीत सोल, त्यावर पट्टी, पट्टीवर स्टीलची क्लीट, म्हणजे तुम्ही उभे राहता ते एका लोखंडी गोटीवर. फरशीवर पाय सर्रकन सटकतो. रोडच्या क्लीटवर पण बदकासारखंच चालावं लागतं, पण ती प्लॅस्टिकची आणि रुंद असते, निदान थोडी धरते तरी.

मग २०० किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राइड आली. साडेतेरा तासांत संपवायची असते, मी आरामात होतो. कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर उतरायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, पाणी भरायचं, परत निघायचं, आणि प्रत्येक वेळी त्या लोखंडी गोटीवर टकटक करत सिमेंटवर चालायचं. एकशे तीसच्या आसपास एक सिग्नल लागला. मी नेहमीसारखी डावी टाच बाहेर फिरवली. शूज फिरला, पाय फिरला, पण सुटला नाही. परत फिरवली, अजून जास्त फिरली, घोटा दुखेपर्यंत, तरी सुटेना, तोपर्यंत वेग शून्य झालेला आणि मी सायकलसकट डावीकडे आडवा. मागून गाडी येत नव्हती हे नशीब. मनगट सुजलं, कोपर सोललं, आणि पाय अजून पेडललाच.

झालं काय होतं हे रस्त्याच्या कडेला बसून कळलं. क्लीट धरणाऱ्या दोन बोल्टपैकी एक वाटेत कुठेतरी पडला होता. दोन बोल्ट असतात तेव्हा टाच फिरवली की शूजबरोबर क्लीट फिरते आणि पेडलची स्प्रिंग उघडते. एकच बोल्ट उरला की शूज त्या बोल्टभोवती गोल फिरतो आणि क्लीट पेडलमध्ये जागच्या जागी बसून राहते. तुम्ही कितीही पिळा, ती सुटायचं कारणच नाही. हे कोणाचंही होऊ शकतं, कुठल्याही पेडलवर, म्हणून लक्षात ठेवा: पाय अडकला तर पिळत बसू नका, शूजचा पट्टा किंवा डायल सैल करा आणि पाय शूजमधून काढून घ्या. मी तसंच केलं, मग ३ एमएमच्या अ‍ॅलन कीने पेडलचा टेन्शन स्क्रू पूर्ण सैल केला आणि शूज हाताने हिसकून ओढून काढला. क्लीट आणि पट्टी दोन्ही काढून खिशात टाकली आणि उरलेले सत्तर किलोमीटर डावा पाय त्या छोट्याशा पेडलवर नुसता ठेवून मारले, गुळगुळीत कार्बनचा सोल, दर दोन-चार मिनिटांनी घसरायचा, नडगीवर पेडलचे ओरखडेच ओरखडे. तेरा तास दहा मिनिटांत पोचलो.

आणि पोचल्यावर आमच्या ग्रुपमधले एक सीनियर, सगळे त्यांना काकाच म्हणतो, माझी नडगी बघून चार लोकांसमोर म्हणाले, "रोड बाइकला एमटीबीचे पेडल लावल्यावर दुसरं काय होणार?"

हे वाक्य मला आजही मान्य नाही. तेव्हा थकलो होतो म्हणून गप्प बसलो, नंतर त्यांच्याशी यावर किमान दहा वेळा बोलणं झालं असेल आणि ते एक इंच हलले नाहीत. काका, पेडलने काय बिघडवलं होतं? पेडल त्याचं काम शेवटपर्यंत करत होता, उलट इतकं चांगलं करत होता की क्लीट सोडायलाच तयार नव्हता. चुकलं ते बोल्ट आवळण्यात, म्हणजे माझंच, आणि त्याहून मूळ चूक म्हणजे जिथे दोन बोल्टची क्लीट बसवायला सोल बनलेलाच नाही तिथे ती बसवणं. पट्टी मधे आली की जोड दोन झाले, तीन बोल्ट पट्टी सोलला धरतात आणि दोन बोल्ट क्लीट पट्टीला धरतात, पट्टी पातळ म्हणून आटे कमी, आणि क्लीट बाहेर आलेली म्हणून प्रत्येक पावलाला धक्का थेट त्या बोल्टवर. सैल झाला नसता तरच नवल.

दुसरी एक गोष्ट, जी बसवताना कळत नाही पण साठ-सत्तर किलोमीटरनंतर कळते. एमटीबी शूजमध्ये क्लीटच्या दोन्ही बाजूंना रबराचे उंचवटे असतात, ते पेडलच्या बॉडीवर टेकतात, म्हणून पाय डावी-उजवीकडे डुलत नाही. रोड शूजला ते उंचवटे नाहीत, त्यामुळे सगळा भार त्या एवढ्याशा क्लीटवर तोललेला राहतो आणि चढावर उभं राहून मारताना पाय पेडलवर हलतोय असं वाटत राहतं. काही पट्ट्यांना बाजूला पंख असतात, त्यांनी थोडा आधार मिळतो. घ्यायचीच असेल तर तसली घ्या, नुसती सपाट पट्टी नको.

म्हणून माझं मत सरळ आहे, तुमचे पेडल बरोबर आहेत, शूज चुकीचे आहेत. भेट मिळालेत, नवे आहेत, फेकवत नाहीत, हे सगळं मला कळतं, मीही त्याच मोहात पडलो होतो. कोणाला तरी द्या किंवा विका आणि कडक सोलचे दोन भोकांचे शूज घ्या. मी त्या ब्रेवेनंतर तेच केलं, पेडल तेच ठेवले आणि आज इतक्या वर्षांनी तेच एम५२० माझ्या रोड बाइकला आहेत.

काकांचा दुसरा मुद्दा असा की छोट्या पेडलमुळे ताकद वाया जाते, रोडचा पेडल रुंद म्हणून सगळी ताकद उतरते. ताकद पसरवायचं काम सोल करतो हो, पेडल नाही. सोल मऊ असेल तर छोटी क्लीट चवड्याखाली टोचते, तळव्याला आग पडते, ते खरं आहे आणि त्यावरून लोक पेडलला नावं ठेवतात. सोल कडक असेल तर खाली क्लीट केवढी आहे हे पायाला कळतही नाही. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री रेसचं ऑलिंपिक सुवर्ण २०२१ मध्ये टोकियोला घेतलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला परत घेतलं, क्रॉस-कंट्रीत सगळे असल्याच छोट्या पेडलवर असतात, आणि हाच माणूस रोडवर पण व्यावसायिक रेस करतो. त्याची ताकद गळत नसेल तर माझी-तुमची कुठे गळणार आहे? रोडचा पेडल वाईट असं मी कधीच म्हणालो नाही. लूक कंपनीने १९८४ मध्ये बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायच्या बाइंडिंगवरून तो आणला, पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या बर्नार्ड इनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली, आणि टो-क्लिपच्या, म्हणजे पेडलला पाय बांधायच्या पट्ट्यांतून रोडवाल्यांची सुटका झाली. पण शिमानोने १९९० मध्ये एसपीडी काढली तीच मुळी उतरून चालता यावं, चिखलातून सायकल ढकलता यावी म्हणून. ज्याला दिवसात आठ वेळा उतरायचंय त्याच्यासाठी हीच बरोबर सिस्टिम आहे, मग सायकलचं हँडल वळलेलं असो की सरळ.

आता तुम्हाला महिनाभर तरी हेच शूज चालवायचे असतील, तर निदान नीट चालवा. पट्टी सोलवर ठेवून बोटाने दाबून बघा, डुगडुगत असेल तर सोलचा बाक आणि पट्टीचा बाक जुळत नाही, ती लावूच नका. बोल्ट पट्टीबरोबर आलेलेच वापरा, लांबी वेगळी असते, आखूड लावला तर आटे पकडत नाहीत आणि लांब लावला तर आतून टेकतो आणि आवळल्यासारखा नुसता वाटतो. सोलच्या बाजूच्या बोल्टना ग्रीस, नाहीतर घामाने गंजून नंतर निघत नाहीत. क्लीटच्या दोन बोल्टना निळं थ्रेडलॉकर. टॉर्क ५ ते ६ न्यूटन मीटर, आणि तो हाताच्या अंदाजाने नाही, रेंच उसना आणा. पहिल्या राइडनंतर परत तपासा. पेडलचं टेन्शन सुरुवातीला सगळ्यात सैल ठेवा.

सीटची उंची पण बघा. पट्टीमुळे पाय पेडलपासून काही मिलिमीटर वर जातो, तेवढी सीट वर घ्यावी लागते. मी घेतली नव्हती आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला बारीक दुखायचं, तेव्हा वाटलं वय झालं. एम५२०बरोबर जी काळी क्लीट येते, एसएच५१, तिला साधारण ४ अंश फ्लोट असतो, म्हणजे टाच थोडी इकडेतिकडे होऊ शकते, तरी क्लीट वाकडी बसवली तर गुडघा सोडत नाही. एसएच५६ नावाची दुसरी क्लीट मिळते, ती जास्त दिशांनी सुटते, नवख्याला बरी, पण जोरात वर खेचलं तर नको तेव्हा पण सुटू शकते, आणि बोल्ट पडला तर तीही वाचवेलच असं धरून चालू नका.

काकांना न्याय द्यायचा तर एवढं म्हणीन, तुम्ही फक्त ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर मारणार असाल किंवा सकाळी निघून मधे कुठेही न उतरता घरी येणार असाल, तर तुमचे शूज तसेच ठेवून रोडचे पेडल घेणं हाच सोपा रस्ता आहे आणि वर मी जे बोललो त्यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. ट्रेनरवर तर पट्टीही चालते, पडायला जागाच नाही. तुम्ही 'लांबची राइड' लिहिलंत म्हणून मी एवढा जोर लावला. आणि पेडल शिमानोचे नसतील तर क्लीट त्या पेडलबरोबर आलेलीच लावा, दोन भोकं सगळीकडे सारखी असली तरी क्लीट एकमेकांत चालतीलच असं नाही.

हे खरं तर आधी विचारायला हवं होतं, शूज पालथे करून सोल नीट बघितलात का? काही सुरुवातीच्या किमतीतल्या रोड शूजना तीन भोकांच्या मधे दोन भोकांचीही सोय असते, कधीकधी ती एखाद्या स्टिकरखाली किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाखाली लपलेली असते. तसं निघालं तर पट्टी घेऊच नका, क्लीट थेट सोलला लावा. चालताना घसराल तेवढेच, पण बोल्ट दोनच राहतील आणि ते सोलच्या आतल्या प्लेटमध्ये जातील, माझ्यासारखे पातळ पट्टीत नाही.