‘पुरे आता’ म्हणाला, त्यानंतर

प्रश्न : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम असल्याचे तिसऱ्या वर्षी कळले. आजवर तो एकही शब्द बोललेला नव्हता. टॅबलेटवरच्या चित्रांवर बोट ठेवून पाणी, झोका, बाहेर एवढे मागतो. दोन महिन्यांपूर्वी मी त्याची नखे कापत होते. चार बोटे झाली, पाचवे धरले आणि त्याने हात ओढून घेत अगदी स्वच्छ म्हटले, ‘पुरे आता!’ आंघोळ संपवून नळ बंद करताना मी त्याला हेच म्हणते. मला रडू कोसळले. ‘पुन्हा म्हण राजा, पुन्हा म्हण’ असे किती विनवले. माझ्या मोठ्या मुलीने हातातले नेलकटर कधी काढून घेतले तेही मला समजले नाही. तेव्हापासून तो गप्पच आहे. यजमान म्हणतात, तुला भास झाला. सासूबाई म्हणतात, तोंड फुटले आहे, आता टॅबलेट काढून घ्या म्हणजे आपोआप बोलेल. हल्ली नखे मी तो झोपल्यावर कापते. तो पुन्हा बोलेल का? आणि एक सल आहे : सहा वर्षे मी ‘आई’ या हाकेची वाट पाहिली आणि त्याने मला ‘पुरे’ म्हटले.

उत्तर : तुम्हाला भास झालेला नाही. भास एकाला होतो. इथे तुमच्या मुलीनेही ते शब्द ऐकले आणि ऐकून लगेच नेलकटर उचलले. न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलाच्या तोंडून एखाद्या अडचणीच्या क्षणी अख्खे वाक्य निघावे आणि मग पुन्हा शांतता पसरावी, हे या क्षेत्रातल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४३ साली ज्यांनी ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, त्या लिओ कॅनर यांनीच अशी एक नोंद करून ठेवली आहे : पाच वर्षांच्या एका अबोल मुलाच्या तोंडात, टाळूला, सुकवलेल्या फळाची साल चिकटली, तेव्हा त्याने ‘ती तिथून काढा’ अशा अर्थाचे वाक्य स्पष्टपणे उच्चारले आणि नंतर तो पूर्ववत अबोल झाला. तिथे साल होती, तुमच्या घरी नेलकटर होते.

असे का होते, याचे एकच एक उत्तर नाही. पण ठरवून बोलणे आणि तोंडून निघून जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे लक्षात घेतले तर पुष्कळसा उलगडा होतो. चटका बसला की आपल्या तोंडून ‘आई गं’ निघते. ते आपण जुळवून म्हणत नाही. ठरवून बोलायचे तर श्वास, जीभ, ओठ, जबडा यांच्या हालचालींची आखणी मेंदूला करावी लागते, आणि काही ऑटिस्टिक मुलांना नेमकी तीच अवघड जाते. अशा मुलाला ‘म्हण’ असा आग्रह केला की आधीच अवघड असलेल्या कामात भर पडते, ती लोकांच्या रोखलेल्या नजरांची. म्हणून दोन महिन्यांच्या शांततेचा अर्थ ‘त्याला बोलायचे नाही’ असा लावू नका, आणि ‘येत असून मुद्दाम बोलत नाही’ असा तर मुळीच लावू नका.

आता तुमच्या सलाविषयी. तुम्ही अगदी जाता जाता लिहिले आहे की नळ बंद करताना तुम्ही त्याला ‘पुरे आता’ म्हणता. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ ही आहे. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे साठवून पुढे केव्हातरी उच्चारणे, याला इकोलालिया म्हणतात. एके काळी ही निव्वळ पोपटपंची समजली जात असे. १९८०च्या दशकात वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि इतरांच्या अभ्यासातून दिसून आले की त्यामागे बहुधा हेतू असतो : मागणे, नाकारणे, लक्ष वेधणे. तुमच्या मुलाने आंघोळीच्या वेळचे वाक्य उचलले, ‘चाललेली गोष्ट आता थांबते’ हा त्याचा अर्थ ओळखला आणि एका वेगळ्या प्रसंगी ते अचूक वापरले. रोज त्याच्यापाशी बसून जे शब्द तुम्ही उच्चारलेत, त्यांतूनच त्याने आपला पहिला शब्द निवडला. ‘आई’ ही हाक दूर असलेल्या माणसाला मारायची असते. तुम्ही तर त्याचे बोट धरून बसला होतात.

पण एक गोष्ट मला स्पष्ट लिहिली पाहिजे, ती रागाने घेऊ नका. तो ‘पुरे’ म्हणाला आणि तुम्ही ‘पुन्हा’ म्हणालात. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते. सहा वर्षांची वाट पाहणे अशा वेळी बांध फोडून बाहेर येते. मात्र त्याच्या बाजूने पाहा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने शब्दाने काही सांगितले, आणि उत्तरादाखल मिठी, रडणे, आर्जवे असा गलका झाला. त्याने मागितलेली गोष्ट, म्हणजे थांबणे, फक्त तुमच्या मुलीने दिली. पुढच्या वेळी शब्द आला तर शब्दाचे कौतुक करण्याआधी त्यातले सांगणे ऐका. हातातली वस्तू खाली ठेवा, नेहमीच्या आवाजात ‘पुरे. थांबले.’ एवढेच म्हणा आणि खरोखर थांबा. रडायचे असेल तर पाच मिनिटांनी दुसऱ्या खोलीत जाऊन पोटभर रडा. पाहुण्यांसमोर त्याला बोलायला लावणे आणि खाऊचे आमिष दाखवणे मात्र आजपासून बंद.

टॅबलेट काढून घेऊ नका. सासूबाईंची माया मला समजते, पण त्यांचा तर्क उलटा आहे. चित्रे किंवा यंत्र हाती दिले की मूल बोलायचे टाळते, ही भीती जुनी आहे आणि अभ्यासांनी तिला आधार दिलेला नाही. अशा साधनांच्या परिणामांविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची माहिती भरवशाची होती अशा २७ जणांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते आणि बहुतेकांचे थोडेफार वाढले होते. २०१४ साली ऑटिझमच्या अभ्यासक कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या, जेमतेम बोलणाऱ्या ६१ मुलांसोबत काम केले, तेव्हा खेळातून भाषा शिकवताना बोलके यंत्र (चित्र दाबले की शब्द उच्चारणारे) सोबत असलेली मुले आपणहून अधिक व्यक्त होऊ लागली. उलट त्या टॅबलेटवर आजच ‘पुरे’चे चित्र घाला, आणि ते दाबले जाईल तेव्हा तोंडी शब्दाइतकाच मान त्याला द्या. पाणी, झोका आणि बाहेर एवढ्या भांडवलावर साडेसहा वर्षांच्या मुलाने नकार तरी कसा द्यावा?

तो पुन्हा बोलेल का, याचे वचन मी देणार नाही, आणि देणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पाच वर्षांनंतर आशा नाही, असे जे ऐकवले जाते, ते मात्र खरे नाही. चौथ्या वर्षी ज्यांची भाषा फारच मागे होती अशा ५३५ ऑटिस्टिक मुलांची आठव्या वर्षी किंवा त्यानंतरची स्थिती तपासणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतली सुमारे ७० टक्के मुले तोवर शब्द जोडून बोलू लागली होती आणि जवळजवळ निम्मी अस्खलित बोलत होती. त्यांतल्या काहींना चौथ्या वर्षी सुटे शब्द येत होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुमच्या मुलाला लावता येणार नाहीत. उरलेली ३० टक्के मुलेही खरीच आहेत, आणि त्यांनाही रोज काहीतरी सांगायचे असते.

यजमानांशी भासावरून वाद घालण्याऐवजी एक वही करा : तारीख, वेळ, आधी काय चालले होते, कोणता आवाज किंवा शब्द आला, कोणी ऐकला. ती वही स्पीच थेरपिस्टना दाखवा आणि उच्चारांच्या हालचालींची तपासणी वेगळी करता येईल का, ते विचारा. श्रवणचाचणी झाली नसेल तर करून घ्या. एकदा आलेला शब्द परत न येणे, एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही; पण मधूनच शून्यात पाहत राहणे, झटके किंवा आधी येत असलेल्या खुणाही विसरणे असे काही दिसले, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. आणि त्याच्यासमोर ‘याला काही कळत नाही’ हे वाक्य घरात कोणी उच्चारत असेल, तर ते थांबवा. आंघोळीच्या वेळचे दोन शब्द ज्याने जपून ठेवले, त्याने बाकीचेही ऐकलेले असणार.

राहिली नखे. झोपेत कापण्याचा मार्ग सोडा. ज्या गोष्टीला त्याने शब्दांत नकार दिला, तीच नकळत उरकून घेतली तर शब्दाचा उपयोग काय, असे त्याला वाटले तर त्यात त्याची चूक नाही. आंघोळीनंतर नखे मऊ असतात. तेव्हा आधी त्याला नेलकटर दाखवा, ‘आज दोन’ असे म्हणून दोन बोटे दाखवा, ‘पुरे’चे चित्र हाताशी ठेवा आणि दोनच कापा. दुसऱ्या नखाआधीच त्याने चित्रावर बोट ठेवले, तर ते नख उद्या.