प्रोस्टेटची शस्त्रक्रिया ओपन करावी की रोबोटिक?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला नाही, एक सर्जन ओपन सुचवतात, दुसरे रोबोटिक, आणि घरात सगळे गोंधळलेत. मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी याच ऑपरेशनमधून गेलेला पेशंट आहे. माझं रोबोटिक झालं.

रोबो स्वतःहून काहीही कापत नाही. सर्जन जरा बाजूला कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलावर बसतात, त्यांची बोटं हलतील तशी आतली अवजारं हलतात. पोटात गॅस भरून पाच-सहा भोकं पाडतात. ओपनमध्ये बेंबीखाली एक उभा छेद. आतलं काम दोन्हीकडे तेच: ग्रंथी आणि वीर्यकोश काढायचे, मूत्राशयाचं तोंड मूत्रमार्गाला शिवायचं.

ठळक फरक रक्तस्रावात आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये ३२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून तुलना झाली, २०१६ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. ओपनमध्ये सरासरी १३३८ मिलिलिटर रक्त गेलं, रोबोटिकमध्ये ४४३. रोबोटिकवाले घरीही लवकर गेले. पण बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता पाहिली तर दोन्ही गट जवळजवळ सारखेच. गंमत म्हणजे तिथे ओपन करणारे सर्जन एकच होते, दीड हजारांवर ऑपरेशनं केलेले. रोबोटिकवाले दुसरे एकच, दोनशेच्या वर केलेले. म्हणजे तुलना यंत्रांची की हातांची, सांगा बघू.

म्हणून मी दोन्ही सर्जनना एकच विचारलं असतं: तुम्ही स्वतः अशी किती केलीत, आणि वर्षभरानंतर लघवी गळते म्हणून तुमच्या किती पेशंटना पॅड लागतं? ग्रंथीला चिकटून जाणाऱ्या, ताठरतेच्या नसा वाचवता येतील का, हेही विचारा. मात्र त्याचं उत्तर गाठ कुठवर पोचली आहे त्यावरही ठरतं, नुसत्या पद्धतीवर नाही.

छोट्या भोकांवर फार भाळू नका. माझे टाके पंधरवड्यात विसरलो. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, काढला त्या दिवशी मात्र खुर्चीतून उठताना पॅन्ट ओली झाली आणि पॅडची पिशवी घरीच राहिली होती. वडिलांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच फिजिओथेरपिस्टकडून शिकवा, आणि कॅथेटर काढायच्या दिवशी पॅड व जादा पॅन्ट बरोबर न्या.