बातम्यांत आणि मालिकांत दिसणारी म्हातारी माणसं खरी असतात का?

तुम्ही विचारलंय की मालिका, जाहिराती आणि बातम्यांत म्हातारी माणसं जशी दाखवतात तशीच ती तुमच्या भागात असतात का, आणि प्रोजेक्टसाठी नेमकं काय बघावं. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका मराठी दैनिकाला बातम्या पाठवतो, तेव्हा बातम्यांचं तरी आतून सांगता येईल.

नसतात. आमच्या पानांवर म्हातारं माणूस येतं ते बहुतेक वेळा त्याच्यावर काहीतरी गुदरल्यावर. गळ्यातली पोत ओढली, एटीएममध्ये कार्ड बदललं, रस्ता ओलांडताना दुचाकीनं उडवलं. नाहीतर शाल-श्रीफळ घेताना, आणि मग निधन वार्तेत. सत्तरी ओलांडलेल्या पुढाऱ्याच्या बातमीत त्याचं पद असतं, म्हणणं असतं, वय कुणी लिहीत नाही. त्याच वयाच्या भाजीवालीची बातमी नाव, गाव, वय एवढ्यावर संपते. बाजाराची जागा हलवायचं ठरलं तर तिचं काय म्हणणं आहे, हे विचारायला कुणी थांबत नाही. मला हे मनापासून खटकतं.

एकदा पेन्शन थकल्याची बातमी करायला एका गावात गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस, आजी भाताच्या लावणीतून नुकत्याच आलेल्या, लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. सोबतचा फोटोग्राफर म्हणाला, "आजी, उंबऱ्यावर बसा, कपाळाला हात लावा." आजी म्हणाल्या, "कपाळाला हात कशाला लावू रे बाळा? मी काय रडालोय व्हय? पैसे का येईनात तेवढं विचार की त्यांना." आणि मग कुठला कागद कुणी मागितला, कुठल्या खिडकीवरून कुठे पाठवलं, हे त्यांनी ओळीनं सांगितलं. अख्ख्या गावात इतकी नेमकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. फोटो उभ्यानंच काढला आणि बातमी त्यांच्या सांगण्यावरून लिहिली.

सीमाभागात, म्हणजे कर्नाटकात गेलेल्या आमच्या या मराठी मुलखात, याला आणखी एक पदर आहे. इथली बरीचशी म्हातारी मंडळी मराठी शाळेत शिकली. बाजारात कन्नड बोलतात, पण नोटीस किंवा शेताचा उतारा कन्नडमध्ये हातात पडला की तो वाचायला नातवाला हाक मारावी लागते. कॅमेऱ्याला नेमके तेवढेच आजोबा दिसतात, नातवाच्या तोंडाकडे बघणारे. तेच आजोबा बांधावर उभे राहिले की कुठला तुकडा कुणाच्या वाटणीला कसा गेला, हे तीन पिढ्यांचं तोंडपाठ सांगतात.

हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून चाललेल्या चळवळीचंही तसंच. १७ जानेवारीला हुतात्मा दिन, १ नोव्हेंबरला काळा दिवस. जुन्या सत्याग्रहींना पुढे बसवतात, आम्ही फोटो छापतो. १९५६ साली, हा भाग तिकडे गेला तेव्हा, जी शाळकरी पोरं होती ती आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत, आणि १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात विशीत होते ते साठीला आले. या सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ सालचा. त्याबद्दल त्यांना आज काय वाटतं, नातवंडांना कुठल्या माध्यमात घातलं आणि का, हे विचारून बघा. उत्तरं एकसारखी येत नाहीत. कुणी तसूभर हटत नाही, तर कुणी म्हणतं, पोटापाण्यापुरतं कन्नड पोरांना यायलाच हवं. आम्ही मात्र दरवर्षी त्यांच्याकडून जुनी आठवण तेवढी घेतो. आजच्या प्रश्नावर त्यांचं मत घ्यायला हवं, कारण सोसलंय त्यांनी.

मालिकांबद्दल फार लिहीत नाही. त्या बहुतेक मुंबई-पुण्याच्या घरांतल्या, आजी दिवाणखान्यात नाहीतर देवघरात. जाहिरातीत गुडघेदुखी, विमा आणि परदेशातला मुलगा. पण २०११ च्या जनगणनेनुसार देशातली साठीवरची सुमारे ७१ टक्के माणसं खेड्यांत राहतात, आणि खेड्यात साठीला कुणी निवृत्त होत नाही. निपाणीकडे साठी उलटलेल्या बाया मांडीवर सूप घेऊन, पान कातरून, तंबाखू भरून विड्या वळतात आणि त्यावर घर चालतं. कमावणारी आजी पडद्यावर मला क्वचितच दिसली. हल्ली मोबाइलवर चुलीपुढच्या आज्या दिसतात, लोक कौतुकानं बघतात, तेवढं बरं वाटतं.

प्रोजेक्टसाठी एखाद्या दैनिकाचे महिनाभराचे अंक घ्या. साठीवरचं माणूस जिथे आलंय तिथे दोनच गोष्टी बघा: त्याच्या तोंडचं एखादं वाक्य आहे का, आणि ते काय काम करतं हे लिहिलंय का. १ ऑक्टोबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनाच्या आसपासचे अंक वेगळे मोजा, नाहीतर हिशोब चुकेल. सुरुवात तालुक्याच्या पानांपासून करा. तिथला वार्ताहर बहुधा त्याच भागातला असतो, त्या माणसांच्या घरी त्याचं जाणं-येणं असतं, त्यामुळे बदल व्हायचाच तर तिथे लवकर होईल.