मोझार्टचा घात सालिएरीने केला होता का?

प्रश्न : ‘अमेडियस’ हा चित्रपट नुकताच पाहिला. दरबारी संगीतकार सालिएरीने मत्सरापोटी थोर संगीतकार मोझार्टचा घात केला आणि अखेरच्या रात्री त्याच्या उशाशी बसून ‘रेक्विएम’ (मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना) उतरवून घेतले, हे खरे मानावे काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. मिलोश फोरमन दिग्दर्शित हा १९८४चा चित्रपट पीटर शॅफर यांच्या नाटकावर बेतलेला आहे, आणि सालिएरीने मोझार्टवर विषप्रयोग केल्याच्या वावडीवर नाट्य रचणारे शॅफरही पहिले नव्हेत. रशियन कवी पुश्किनने १८३० मध्येच तिच्यावर एक छोटी शोकांतिका लिहिली होती. मोझार्टने आपल्या पत्रांतून सालिएरीविषयी तक्रारी केलेल्या आहेत, हे खरे. परंतु १४ ऑक्टोबर १७९१च्या, म्हणजे मृत्यूपूर्वी जेमतेम सात आठवडे आधीच्या पत्रात तो पत्नीला आनंदाने कळवतो की, सालिएरीला आपण स्वतः गाडीतून ‘मॅजिक फ्लूट’ या आपल्या संगीतनाटकाला नेले आणि आरंभीच्या वाद्यसंगीतापासून शेवटच्या समूहगानापर्यंत त्याने दाद दिली नाही असा एकही भाग नव्हता. पुढे मोझार्टच्या धाकट्या मुलाला याच सालिएरीने संगीत शिकवले. अशा माणसाच्या माथी खुनाचा आरोप चिकटून राहावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘रेक्विएम’ची मागणी वाल्सेग नावाच्या काउंटने मध्यस्थामार्फत केली होती, आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ ती रचना स्वतःच्या नावावर खपवण्याचा त्याचा बेत होता. अपुरी राहिलेली रचना पूर्ण केली ती मुख्यत्वे मोझार्टचा सहायक स्यूसमायर याने.

तरीही चित्रपटातला तो उतरवून घेण्याचा प्रसंग निव्वळ थाप म्हणून सोडून देऊ नये. ‘रेक्विएम’मधला ‘कन्फुटाटिस’ हा भाग सांगताना पडद्यावरचा मोझार्ट आधी गायकांचे स्वर सांगतो आणि मग एकेक वाद्य त्यांच्याभोवती उभे करतो. मूळ हस्तलिखितही बरेचसे असेच आहे : गायनाच्या ओळी आणि खर्जाची ओळ पूर्ण लिहिलेली, व्हायोलिनच्या जागा मधूनमधून सुचवलेल्या, बाकीच्या रेघा कोऱ्या. प्रसंग कल्पित असला, तरी रचना कशी आकार घेत होती हे त्यात नेमके दिसते. चित्रपट पुन्हा पाहाल, तेव्हा तेवढा भाग डोळे मिटून ऐका. त्याच्या लगेच पुढचा भाग ‘लाक्रिमोसा’. त्याचे जेमतेम आठ बार (तालखंड) मोझार्टच्या हातचे आहेत; तिथे गायकांचे स्वर चढत जातात आणि लेखणी थांबते.