गढीतलं लग्न: होमाला 'हो' कोण म्हणालं, ते आधी बघा

लेकाचं लग्न इंग्लंडमधल्या चौदाव्या शतकातल्या गढीत करायचं ठरतंय, होमाचं विचारल्यावर बुकिंगवाल्या बाई फोनवर 'छोटी ज्योत असेल तर हरकत नाही' म्हणाल्या, आणि आता डिपॉझिट भरू का, असं तुम्ही विचारलंय. थांबा, अजून भरू नका. २०१८ साली आमच्या लेकीच्या लग्नाआधी मी हेच वाक्य ऐकलं होतं.

लग्नाची सरकारी नोटीस, रजिस्ट्रार, दोन साक्षीदार हे तुम्ही बघितलं असेलच, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते (इंग्लंड-वेल्सपुरतं, स्कॉटलंडचे नियम वेगळे) की अशा जागेचा परवाना नागरी विवाहाचा असतो आणि त्या विधीत आपले मंत्र चालत नाहीत. रजिस्ट्रारला आपलं काम आटपून जाऊ द्या, मग अंतरपाट धरा. शिवाय नोटिशीत जागेचं नाव असतं. जागा बदलली की नोटीस पुन्हा, २८ दिवसांची वाट पुन्हा. म्हणून होमाचा निकाल आधी लावा.

मी चुकीच्या माणसाला विचारलं, तेही चुकीच्या शब्दांत. ईमेलमध्ये लिहिलं, 'छोटा पवित्र अग्नी'. वाचणाऱ्या मुलीने मेणबत्ती समजली असणार. माझ्या मनात लाजाहोम होता: समिधा, तूप, लाह्या, तासभर धूर. ती हो म्हणाली, आम्ही निम्मे पैसे भरले, पत्रिका छापल्या. पुढे ती नोकरी सोडून गेली. लग्नाला अकरा दिवस उरले असताना नव्या व्यवस्थापकांनी आगीच्या धोक्याबद्दल लेखी माहिती मागितली. कुंडाचं माप, तूप किती, वेळ किती, हे मी तेव्हा पहिल्यांदा लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, इमारतीच्या विमा कंपनीने नकार दिलाय.

त्यांची भीती खोटी नाही. डोक्यावर सहाशे वर्षं वाळलेलं ओकचं लाकूड असतं. २० नोव्हेंबर १९९२ ला विंडसरच्या राजवाड्यात एका विजेच्या दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला आणि शंभरहून अधिक खोल्यांची हानी झाली. तिथल्या सेंट जॉर्जेस हॉलचं छप्पर ओकच्या लाकडात नव्याने उभं करावं लागलं, सगळं पुरं व्हायला १९९७ उजाडलं. हे जाणणारा माणूस उघड्या अग्नीला सहजासहजी हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण मग ते पहिल्या दिवशी सांगा ना! बुकिंगवाले म्हणायचे इस्टेटच्या कार्यालयाला विचारा, ते म्हणायचे विश्वस्तांना विचारा, विश्वस्तांकडून पत्र यायचं की बुकिंगशी बोला. या फेऱ्यांत पाच दिवस गेले आणि तोवर पैसे परत मिळायची मुदत कधीच उलटली होती.

मग हिरवळीवर मांडव घालू म्हटलं. तर ती हिरवळ संरक्षित पुरातन स्थळाचा भाग निघाली. खाली जुन्या भिंतींचे अवशेष, एक खुंटी ठोकायची तरी सरकारी संमती लागते आणि तिला आठवडे जातात. शेवटी खुंट्यांऐवजी पाण्याच्या पिंपांनी तोललेला सांगाड्याचा तंबू मिळाला, तोही चाळीस माणसांचा. पाहुणे दीडशे. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. माझी आई ब्याऐंशी वर्षांची, लग्नासाठी साताऱ्याहून आलेली. तिची चाकाची खुर्ची ओल्या हिरवळीत रुतायला लागली, म्हणून तिला परत हॉलमध्ये नेऊन बसवलं. सप्तपदी झाल्यावर लेक भिजलेल्या शालूनिशी धावत आत आली आणि आजीच्या पाया पडली. आईने विचारलं, "झालं का गं?" बाकी खर्च मी विसरले, हे नाही विसरता येत.

म्हणून माझं मत ऐका. मी वकील नाही आणि प्रत्येक जागेचे नियम वेगळे, तरी सांगते. 'ज्योत', 'दिवा' हे शब्द वापरूच नका. कुंडाची लांबी-रुंदी, जळण कोणतं, किती वेळ, खाली वाळूचा ट्रे, बाजूला अग्निशामक नळकांडं आणि फायर ब्लँकेट, धूर ओळखणारे सेन्सर कोण बंद करणार, होम विझल्यावर तासभर तिथे कोण थांबणार, हे सगळं लिहा. वाटलं तर आधीच्या एखाद्या होमाचा व्हिडिओ जोडा. विमा कंपनीची संमती करारात नमूद करून घ्या आणि मगच डिपॉझिट. टाळाटाळ झाली तर दुसरी जागा बघा. भिंती कितीही सुंदर असोत, लग्न सप्तपदीने लागतं.

छतात वटवाघळं आहेत का, हेही विचारा. हसू नका. तिथे ती १९८१ च्या कायद्याने संरक्षित आहेत, उन्हाळ्यात पिल्लं असतात, आणि त्यांच्या वस्तीला त्रास देणं गुन्हा ठरतो. धुराला नकार यायचं हेही कारण असू शकतं.

गोरज मुहूर्त घेणार असाल तर लक्षात ठेवा, जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या पुढे मावळतो. तोवर स्वयंपाकघर आवरायला घेतलेलं असतं आणि म्हातारी माणसं उपाशी. भारतातल्या पंचांगातली वेळ तशीच उचलू नका, त्या गावासाठी काढून घ्या आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं तेही धरा. अक्षतांना बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात. फरशीवरून पाय घसरतो आणि हळद-कुंकवाचे डाग चुनखडीच्या दगडात मुरतात. आम्ही फुलांच्या पाकळ्या वाटल्या. नऊवारीत गोल दगडी जिना उतरणं कठीण, पायऱ्या झिजून तिरक्या झालेल्या असतात, त्यामुळे नवरीची खोली तळमजल्यावर मागा.

आणि घरात चाकाच्या खुर्चीवरचं कुणी असेल, तर जागा बघायला जाताना ती खुर्ची बरोबर न्या. दारापासून जिथे होम होणार तिथपर्यंत स्वतः ढकलून बघा.