हातमोजे घालू की काढू? वर्कशॉपमध्ये नव्यानं उतरलेल्यांचे प्रश्न

आयटीआयच्या नव्या बॅचेस सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. या वेळी मशीन, वेल्डिंग आणि वायरिंगवरची पत्रं एकत्र घेतलीत. काही पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत होती, त्यांना एकाच उत्तरात बसवलंय.

प्रश्न : सर, मी फिटर ट्रेडला पहिल्या वर्षाला आहे. भिंतीवरच्या चार्टवर लिहिलंय की काम करताना हॅन्डग्लोव्हज घाला, म्हणून मी स्वतःच्या पैशानं चांगले जाड ग्लोव्हज घेतले तर निदेशक सरांनी लेथवर उभं राहायच्या आधी ते काढायला लावले. मग खरं काय धरायचं?
– विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुझे सर बरोबर आहेत आणि चार्टही चूक नाही, फक्त चार्टवर कुठल्या कामाला ते लिहायचं राहिलंय. जे फिरतं त्याच्याजवळ ग्लोव्हज नाही, म्हणजे लेथ, ड्रिलिंग मशीन, मिलिंग. हे नीट समजून घे, नुसतं पाठ करू नकोस. समज लेथचा चक (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, पकडून फिरवणारा भाग) ५०० आरपीएमला, मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरतोय, म्हणजे सेकंदाला आठ फेरे. ग्लोव्हजचा एक धागा जॉबला किंवा चकच्या जॉला (जबड्याला) अडकला तर तुझ्या डोक्याला ते कळून हात स्विचकडे जाईपर्यंत एक सेकंद आरामात जातो, तेवढ्यात आठ फेरे झालेले असतात आणि त्या फेऱ्यांबरोबर हातही आत ओढला गेलेला असतो. उघड्या बोटाला मशीन लागलं तर कापेल, सोलवटेल, तेही वाईटच, पण कापड फाटता फाटत नाही आणि ते अख्खा हात घेऊन जातं. याच कारणासाठी शर्टच्या बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडायच्या नाहीतर मनगटाशी बटण लावायचं, शर्ट खोचायचा, गळ्यातली आयकार्डाची दोरी काढून खिशात ठेवायची. अंगठी, कडं, हातातला गंडा, राखीपौर्णिमेनंतर महिनाभर हातावर राहणारी राखी, हेसुद्धा. श्रद्धेचा धागा काढायला मन होत नाही हे मला कळतं, पण मशीनवर जाताना तो काढून पाकिटात ठेव, काम झालं की परत बांध. मुलींनी वेणी आणि ओढणी दोन्ही अ‍ॅप्रनच्या आत, टोपी घालून.

आता ग्लोव्हज कधी घालायचे? मशीन बंद आहे आणि पत्रा, कापलेली पट्टी, धारदार कडेचं मटेरियल उचलायचंय तेव्हा जरूर घाल, आणि वेल्डिंगला तर चामड्याचे पाहिजेतच. लेथवरची बुरी (कापताना निघणारी धातूची साल) मात्र ग्लोव्हज घालूनही हातानं ओढायची नाही, मशीन थांबवायचं आणि हूक नाहीतर ब्रशनं काढायची. लांब निघालेली बुरी ब्लेडसारखी असते आणि गरमही असते.

अजून दोन गोष्टी, कारण पहिल्या महिन्यात हमखास होतात त्या. चक की (चक घट्ट करायची चावी) चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, एक सेकंदसुद्धा नाही; कुणी चुकून स्टार्ट दाबलं तर ती गोळीसारखी सुटते. आणि ड्रिलिंगला पातळ पत्रा हातात धरायचा नाही. भोक आरपार जाताना ड्रिल पत्र्यात अडकतं आणि अख्खा पत्रा गरगर फिरतो, धरणाऱ्याची बोटं त्याच्या वाटेत असतात. व्हाइसमध्ये पकड नाहीतर क्लॅम्प लाव. त्या मिनिटाभरासाठी कुणी हसलं तर हसू दे.

प्रश्न : मी वेल्डर ट्रेडला आहे. दादा टॅक (जोड धरून ठेवणारा छोटा वेल्ड) मारत होता तेव्हा मी जॉब धरला होता, वेल्डिंगची काच एकच होती ती त्याच्याकडे, मी नुसती मान वळवली. दुपारी काहीच वाटलं नाही पण रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. आजीनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. मेडिकलमधून ड्रॉप आणले तर लगेच थांबलं, ते ड्रॉप घेत राहू का?
– विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी ते ड्रॉप बंद कर. लगेच थांबलं म्हणतेस म्हणजे बहुतेक डोळा बधिर करणारे ड्रॉप असावेत, वेल्डिंगच्या दुकानात ते सर्रास चालतात. ठणका थांबतो पण बुबुळाची जखम भरायची थांबते, आणि दुखत नाही म्हणून माणूस डोळे चोळत राहतो. बाटली घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, स्टेरॉइडवालेही त्यांनी सांगितल्याशिवाय नको.

झालंय ते असं, की आर्कमधून अतिनील किरण निघतात आणि बुबुळाचा वरचा थर भाजतो, उन्हात कातडी भाजते तसा. त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो म्हणूनच दुपारचं कारण रात्री कुणाला आठवत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं. बटाट्याच्या गार चकत्यांनी बरं वाटतं ते गारपणामुळं, पण मिटलेल्या डोळ्यावर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवली तरी तेच होतं आणि डोळ्यात रस जायची भीती नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून ठेव. दोन दिवसांत कमी नाही झालं किंवा अंधुक दिसत असेल तर तपासणी टाळायची नाही.

मान वळवणं पुरत नाही, पांढऱ्या भिंतीवरून आणि चकचकीत पत्र्यावरूनही प्रकाश उलटून येतो. धरणाऱ्यालाही स्वतःची काच पाहिजे. १०० ते २०० अँपिअरच्या साध्या आर्क वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची लागते. एकच काच आहे तर जॉब क्लॅम्पला धरायला लावा, माणसाला नाही. हे दादाला तू सांगायचंस, लहान असलीस तरी.

त्याच पत्रात तू विचारलंयस की जीआय पाइप वेल्ड केल्यावर गूळ खाल्ला की छातीतला धूर बाहेर येतो का. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो, तो जळून पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. गूळ खाऊन तो धूर बाहेर येत नाही. जिथं वेल्ड मारायचंय तिथलं जस्त आधी नीट मास्क लावून घासून काढायचं, आणि वारा बाजूनं येईल असं बसायचं म्हणजे धूर तोंडासमोरून जात नाही.

प्रश्न : माझा मुलगा चाकणला प्रेसशॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं) लागलाय, महिना झाला. तो सांगतो की प्रेसला दोन बटणं असतात पण एक बटण पट्टीनं दाबून ठेवलंय, म्हणजे एका हातानं काम पटापट होतं. सुपरवायझर म्हणतात सगळे असंच करतात. मला रात्री झोप लागत नाही.
– एक आई, जुन्नर

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. दोन बटणं का असतात, तर दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात डायमध्ये (पत्रा दाबणाऱ्या साच्यात) नसतो. एक बांधून ठेवलं की तो हात मोकळा झाला, आणि मोकळा हात पार्ट सरकवायला आत जातोच, त्यात तुमच्या मुलाचा काही दोष नाही, आठ तास तेच काम केल्यावर कुणाचाही जाईल. शिवाय जुन्या प्रेसचा क्लच झिजला की कधीकधी बटण न दाबता दुसरा स्ट्रोक पडतो. म्हणून त्याला सांगा, बटण काही असो, डायमध्ये बोट घालायचं नाही, पार्ट चिमट्यानं नाहीतर मॅग्नेटनं काढायचा.

आणि त्यानं एकट्यानं भांडू नये. लाइनवरच्या दोघातिघांनी मिळून सुपरवायझरच्या वर, सेफ्टी ऑफिसर असेल तर त्यांच्याकडे, लेखी द्यावं आणि त्याची प्रत ठेवावी. तरी ऐकलं नाही तर महाराष्ट्र सरकारचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, कारखान्यांची तपासणी त्यांचंच काम आहे, तिथं तक्रार करता येते. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर त्याचं ई-पहचान कार्ड आजच मागून घ्या, अपघातानंतर धावाधाव नको. अप्रेंटिस म्हणून लागला असेल तरी १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं कामावरच्या इजेच्या भरपाईची जबाबदारी मालकावर येते, तेव्हा करारपत्राची प्रत घरी ठेवा.

हे लिहायला जड जातंय पण माहिती पाहिजे. बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा, तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकायचं नाही. १०८ ला फोन करून जिथं बोट जोडतात अशा हॉस्पिटलला न्यायचं, वाटेत वेळ घालवायचा नाही.

प्रश्न : वायरमनच्या हाताखाली काम शिकतोय. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असताना शॉक लागतोच कसा? आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे सप्लाय बंद ना?
– परभणी

उत्तर : दोन्ही समज चुकीचे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर गेल्याशिवाय हलत नाही आणि माणसाच्या अंगातून २३० व्होल्टला साधारण पाव अँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) लागतो, आणि तोही फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर वाचवत नाही. टेस्टरचा दिवा उन्हात दिसत नाही, आतून खराबही असतो. म्हणून टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर बघायचा, मग कामाच्या जागी, मग परत चालू पॉइंटवर. घरात इन्व्हर्टर आहे का ते आधी विचारायचं; मेन पाडला तरी तो लाइन चालू ठेवतो, आणि नवी पोरं इथंच फसतात. कटआउट (फ्यूज) काढला असेल तर तो खिशात ठेवून वर चढ, बोर्डावर ‘काम चालू आहे’ची पाटी लाव.

उस्तादाला शॉक लागलेला दिसला तर त्याला हात लावू नकोस, आधी मेन पाड. तो श्वास घेत नसेल तर कुणाला तरी १०८ लावायला सांग आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत.

प्रश्न : चार इंची ग्राइंडरला गार्ड काढून पाच इंची डिस्क बसते, मालक बसवतो. चालतं का?
– फॅब्रिकेशनचा नवा हेल्पर, जालना

उत्तर : नाही. डिस्क फुटली तर तुकडा तोंडाकडे येऊ नये म्हणून गार्ड असतो. छोटं मशीन साधारण ११,००० आरपीएमला फिरतं आणि मोठ्या डिस्कची कड तेवढ्याच आरपीएमला जास्त वेगानं जाते, त्यामुळं फुटायची शक्यताही वाढते. डिस्कवर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम मशीनवरच्या आकड्यापेक्षा जास्त आहे का, मधल्या रिंगवर छापलेली मुदत संपलीय का, हे दोन्ही वाच. लाकूड कापायचं दातेरी पातं तर ग्राइंडरला लावायचंच नाही. नवी डिस्क लावली की समोरून बाजूला होऊन मिनिटभर मोकळी फिरव, मगच कामाला लाव. ग्लोव्हज इथं चालतील पण अंगाबरोबर बसणारे चामड्याचे, सैल सुताचे नकोत, आणि डोळ्यांना चष्मा वेगळा, त्यावर फेसशिल्ड.